स्पँगलरचं चौथं पेटंट

जुनी पेटंट वाचायचा नाद लागला की सुटत नाही. मला लागलाय. रात्री जेवण झालं की १९०० ते १९२० च्या आसपासची अमेरिकन पेटंट काढून बसायचं, एकेका पानावर कपडे धुवायचं यंत्र, बटाटे खणायचं यंत्र, दाराची कडी, कोंबड्यांचं खुराडं, आणि प्रत्येकाखाली कुणीतरी छातीठोकपणे लिहिलंय की माझा शोध नवा आणि उपयुक्त आहे. यातली बहुतेक कागदावरच राहिली. म्हणून एखादं चाललं तर ते का चाललं हे खणून काढायला मजा येते, आणि त्यासाठी माझी सगळ्यात आवडती केस म्हणजे पेटंट नंबर ८८९८२३, तारीख २ जून १९०८, नाव जेम्स मरे स्पँगलर, गाव कँटन, राज्य ओहायो. शोधाचं नाव "कार्पेट स्वीपर अँड क्लीनर". ज्याला आज आपण व्हॅक्युम क्लीनर म्हणतो, उभा, हातात दांडा धरून ढकलायचा, मागे पिशवी लटकलेली, तो हाच.

ही गोष्ट नेटवर सगळीकडे एकाच चालीत सापडते, गरीब सफाई कामगाराने उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा घेऊन मशीन बनवलं, मग श्रीमंत हूव्हरने ते विकत घेतलं आणि नाव हूव्हरचं झालं, बिचारा स्पँगलर. मला हे वाचून दरवेळी वाटतं की अरे, त्याच्या आधीच्या तीन पेटंटचं काय झालं ते तरी सांगा. कारण स्पँगलर काही सकाळी उठून अचानक इन्व्हेंटर झाला नव्हता.

जन्म १८४८ चा. पोटापाण्यासाठी भावांबरोबर कपडे विकायचा, पण डोकं यंत्रात. १८८७ मध्ये त्याला धान्य कापणीच्या यंत्रावर पेटंट मिळालं. आता जरा तो काळ आणि ती जागा बघा. ओहायोच्या त्या पट्ट्यात, कँटन आणि ॲक्रन दोन्हीकडे, ऑल्टमन नावाच्या कंपन्या शेतीची यंत्रं बनवत होत्या, तिकडे शिकागोला मॅककॉर्मिक बसलेला, डिअरिंग बसलेला, त्यांचे एजंट गावोगावी, सुटे भाग गावोगावी. शेतकऱ्याला कापणीचं मशीन घेताना पहिला प्रश्न हा असतो की ऐन हंगामात दात मोडला तर पार्ट मिळेल का, आणि एकट्या माणसाच्या पेटंटकडे याला उत्तर नसतं. मशीन कितीही चांगलं असू दे. ते पेटंट तसंच पडून राहिलं.

मग १८९३ मध्ये दुसरं. हे माझं फार लाडकं आहे. गवत कापल्यावर ते शेतात वाळवावं लागतं, म्हणजे मध्ये मध्ये उलटंपालटं करून मोकळं करायचं म्हणजे खालच्या थराला वारा लागतो, आणि वाळलं की दाताळ्याने ओढून ओळीत गोळा करायचं. ही दोन कामं, दोन वेगळी अवजारं, दोनदा घोडे जुंपा. स्पँगलरने दोन्ही एका यंत्रात बसवली. कंपनीसुद्धा काढली. कंपनी बुडाली. तिसरं १८९७ मध्ये, सायकलसारखी पायडल मारून चालवायची गाडी, ते एका कंपनीला विकलं आणि थोड्या दिवसांनी ती कंपनीच बंद पडली.

म्हणजे स्कोअर तीन पेटंट, शून्य धंदा. आणि पेटंट फुकट नाही मिळत. त्या काळात अमेरिकेत अर्ज करताना १५ डॉलर आणि मंजूर झालं की आणखी २० डॉलर सरकारी फी होती, वर वकील, वर ड्रॉइंग काढणारा. मजुराला दिवसाला दोन डॉलरच्या आसपास मिळायचे तेव्हाची ही गोष्ट आहे, त्यामुळे हिशोब तुम्हीच करा.

१९०७ साली हा माणूस साठीला टेकलेला, कर्ज डोक्यावर, आणि कँटनमधल्या झोलिंगर डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जॅनिटर म्हणून लागला. रात्री गालिचे साफ करायचे. साधन म्हणजे कार्पेट स्वीपर, चाकांवरचा एक डबा, ढकलला की चाकं फिरतात, चाकांमुळे आतला गोल ब्रश फिरतो आणि कचरा डब्यात उडवतो. बिसेलने मिशिगनमध्ये १८७६ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून घरोघरी पोचलेली वस्तू. कचरा उचलायची ठीक पण बारीक धूळ हवेत उडवायची, आणि स्पँगलरला दमा.

मग त्याने काय केलं? पंख्याची मोटर घेतली, ती स्वीपरवर बसवली, मागच्या बाजूला भोक पाडून तिथे पंख्याची पाती, म्हणजे ब्रशने उडालेली धूळ आत ओढली जाईल आणि मागे ढकलली जाईल, आणि मागे बायकोचा उशीचा अभ्रा बांधला. ब्रश आता चाकांवर नाही तर मोटरवरून पट्ट्याने फिरणार. दांडा झाडूचा. १४ सप्टेंबर १९०७ ला अर्ज केला.

इथे थांबायला हवं, कारण या केसमधला खरा मुद्दा इथे आहे. "व्हॅक्युम क्लीनरचा शोध कोणी लावला" असं विचारलं तर स्पँगलर हे उत्तर नाही. हवेने धूळ ओढायची कल्पना तेव्हा जुनी झाली होती. १८६९ मध्ये शिकागोच्या मॅकगॅफीने हाताने फिरवायच्या पंख्याचं स्वीपर पेटंट केलं होतं. १९०१ मध्ये लंडनला ह्युबर्ट सेसिल बूथने मोठं मशीन काढलं, त्याची गोष्ट तर भारीच आहे, त्याने एका थिएटरमध्ये फुंकर मारून धूळ उडवायच्या अमेरिकन यंत्राचा डेमो बघितला आणि विचारलं की अहो फुंकता कशाला, ओढा की, डेमो देणारा म्हणाला जमत नाही, मग बूथने व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि तोंड लावून जोरात श्वास ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग, आणि बूथ खोकून खोकून बेजार. पण त्याचं मशीन एवढं मोठं की घोडागाडीवर रस्त्यात उभं करायचं आणि लांबच लांब पाइप खिडकीतून घरात सोडायचे. १९०२ मध्ये एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा त्याने साफ केला, मग काय, लंडनच्या बड्या घरच्या बायका मैत्रिणींना चहाला बोलवून हे सगळं दाखवायच्या. अमेरिकेत डेव्हिड केनी नावाच्या न्यू जर्सीच्या प्लंबरने तळघरात पंप आणि भिंतीतून पाइप अशी सिस्टीम काढली, १९०२ मध्ये पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये बसवली, आणि १९०७ मध्ये त्याला जे पेटंट मिळालं त्याचं लायसन्स पुढे बऱ्याच कंपन्यांना घ्यावं लागलं.

तर ओढणं बूथचं, केनीचं. फिरता ब्रश बिसेलचा. छोटी इलेक्ट्रिक मोटर बाजारात तयार मिळत होती. पिशवी कुणाचीही. मग स्पँगलरचं काय?

त्याचं जुळवणं. आणि ते जुळवणं उगाच नव्हतं. घरातल्या छोट्या मोटरने जी ओढ तयार होते ती इतकी कमी की नुसतं तोंड गालिच्यावर ठेवलं तर वरवरची धूळ येते, लोकरीच्या मुळाशी रुतलेली येत नाही. बूथने याला उत्तर दिलं मोठ्या पंपाने. स्पँगलरकडे पंप नव्हता, म्हणून त्याने ओढ वाढवायच्या ऐवजी धुळीलाच सैल केलं, ब्रश तिला उचलतो, झटकतो, आणि मग जराशी हवा पुरते तिला वाहून न्यायला. मला हे वाचताना एकदम १८९३ चं गवताचं मशीन आठवलं. आधी मोकळं करा, मग ओढा. तेच! चौदा वर्षांनी, शेतातून उचलून दुकानाच्या गालिच्यावर आणलेलं. त्याने स्वतः असा संबंध जोडला होता की नाही देव जाणे, मला मात्र तो दिसतो आणि मी तो सोडणार नाही.

पेटंटच्या भाषेत याला कॉम्बिनेशन म्हणतात, म्हणजे सुटे भाग जुने पण त्यांची जोडणी नवी आणि त्या जोडणीतून नवं काम होतं. अशा पेटंटचं कुंपण लहान असतं. "हवेने धूळ ओढणारं कुठलंही यंत्र माझं" असं म्हणता येत नाही, पण मोटर, तिच्यावरून फिरणारा ब्रश, पंखा, पिशवी हे सगळं एका हलत्या डब्यात, एवढं म्हणता येतं. आणि पुढे पन्नास साठ वर्षं अमेरिकन घरात जे मशीन गेलं ते बरोबर याच छोट्या कुंपणातलं निघालं. तीनदा हुकलेल्या माणसाला चौथ्यांदा ही लॉटरी लागली म्हणा, किंवा त्याला आता कुठे कुंपण घालायचं ते कळलं होतं म्हणा.

एक गंमत सांगायची राहिली. या रचनेत धूळ पंख्यातून जाते आणि मग पिशवीत. म्हणजे पिशवी हवेने फुगलेली, आतून दाब, आणि कापडाच्या छिद्रांतून बारीक धूळ परत खोलीत. दम्याच्या माणसाने दम्यासाठी बनवलेलं मशीन, आणि सगळ्यात बारीक धूळ तेच बाहेर सोडणार. आधी पिशवी आणि मागे पंखा अशी उलटी मांडणी घरगुती मशीनमध्ये रुळवली ती स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने, १९२० च्या दशकात. तरीसुद्धा जुन्या स्वीपरपेक्षा हे कितीतरी बरं होतं हे खरं.

आता धंदा. स्पँगलरने इलेक्ट्रिक सक्शन स्वीपर कंपनी काढली, एका मित्राने पैसे घातले, घरचेच कामाला, पोरगा जुळणी करतोय, पोरगी पिशव्या शिवतेय, आठवड्याला दोन तीन मशीन. इथपर्यंत १८९३ ची पुनरावृत्तीच चाललीय, कंपनी बुडायचीच काय ती बाकी. मग मशीन पोचलं ओळखीतल्या सुझन हूव्हरबाईंकडे. त्यांनी घरी वापरलं, आवडलं, आणि नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणजे विल्यम हेन्री हूव्हर, जवळच्याच न्यू बर्लिन गावात चामड्याच्या वस्तूंचा कारखाना, घोड्याचे खोगीर, पट्टे, लगाम वगैरे. लोक त्याला बॉस म्हणायचे.

हूव्हरच्या जागी बसून बघा. १९०८ साल. ऑक्टोबरमध्ये फोर्डची मॉडेल टी मोटारगाडी बाजारात येणार आहे, ८५० डॉलरला. घोडा काही उद्या संपत नाही, पण खोगीर विकणाऱ्याला वारा कुठून वाहतोय ते कळत असतं. त्याच्याकडे कारखाना आहे, शिवणकाम करणारे हात आहेत, भांडवल आहे, विकायची सवय आहे, आणि विकायला नवीन वस्तू नाही. स्पँगलरकडे वस्तू आहे आणि बाकी काहीच नाही. १९०८ मध्येच हूव्हरने पेटंट घेतलं, चामड्याच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात मशीन बनायला लागली, चामड्याचं काम त्याने लगेच सोडलं नाही, दोन्ही काही वर्षं शेजारी शेजारी चालू होतं.

आणि स्पँगलर? तो हाकलला गेला नाही. कामावर राहिला, सुपरिंटेंडेंट म्हणून, आणि त्याच्या हातात प्रत्येक मशीनमागे रॉयल्टी होती. "बिचारा स्पँगलर" या सुराशी माझं भांडण आहे ते इथेच. तिसरं पेटंट त्याने विकलं होतं, घेणारी कंपनी बंद पडली आणि विषय संपला. या वेळी त्याने विक्रीला स्वतःचा हिस्सा बांधून घेतला, म्हणजे हूव्हर जितका वर जाईल तितका हाही थोडा थोडा वर. साठीला आलेल्या, कर्जात असलेल्या, दम्याच्या माणसाने यापेक्षा काय वेगळं करायला हवं होतं? स्वतःच कारखाना उभारायचा? तो प्रयोग त्याने करून बघितला होता की.

पहिल्या मॉडेलचं नाव मॉडेल ओ. वजन १८ किलोच्या आसपास, किंमत ६० ते ७० डॉलर. साठ डॉलर म्हणजे मजुराची महिनाभराची कमाई. त्याहून मोठी अडचण म्हणजे वीज. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या जेमतेम ८ टक्के घरांत वीज होती. आणि जिथे होती तिथे ती दिव्यापुरती, भिंतीत प्लग वगैरे काही नाही, बल्ब काढायचा आणि त्याच होल्डरमध्ये वायर फिरवून बसवायची, त्यासाठीची अटॅचमेंट हबेलने १९०४ मध्ये पेटंट केली होती. म्हणजे साफसफाई करताना दिवा बंद. ज्याच्या घरी वीज आहे, गालिचे आहेत, साठ डॉलर आहेत आणि हे मशीन काय करतं हे ज्याला माहीतच नाही असा माणूस शोधून काढायचा, हे हूव्हरपुढचं काम.

त्याने ५ डिसेंबर १९०८ च्या सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या अमेरिकन साप्ताहिकात जाहिरात दिली की आम्हाला पत्र पाठवा, मशीन दहा दिवस घरी फुकट वापरून बघा. पत्रं आली. आता साधा दुकानदार काय करेल, मशीन पार्सल करून थेट त्या माणसाला पाठवेल. हूव्हरने तसं केलं नाही. ज्या गावातून पत्र आलं त्या गावातलं एक बरं दुकान निवडलं आणि दुकानदाराला लिहिलं की तुमच्या गावच्या अमक्या बाईंना मशीन हवंय, तुमच्यामार्फत पाठवतो, त्यांनी घेतलं तर कमिशन तुमचं, नाही घेतलं तर मशीन सॅम्पल म्हणून तुमच्याकडे ठेवा. बघा काय केलं ते. एक रुपयाही न मागता गावोगावी दुकानदार त्याचा डीलर झाला, तेही पहिलं गिऱ्हाईक हातात घेऊनच. जे जाळं मॅककॉर्मिककडे होतं आणि स्पँगलरच्या कापणी यंत्राकडे नव्हतं, ते जाळं या माणसाने एका जाहिरातीवर विणायला घेतलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला दुसरा मोठा शोध हाच, फक्त याचं पेटंट मिळत नाही.

पुढे घरोघरी जाऊन डेमो देणारे सेल्समन आले, आणि ही पद्धत आपल्यालाही परिचयाची आहे. १९८२ मध्ये मुंबईत युरेका फोर्ब्स सुरू झाली, टाय लावलेला पोरगा डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर ती भलीमोठी पेटी घेऊन यायचा, आमच्या गादीवरून मशीन फिरवायचा आणि पांढऱ्या कापडावर धूळ दाखवून आईला लाजवायचा. आईने सगळं शांतपणे बघितलं, चहा दिला, आणि विचारलं, "फरशी पुसतं का हे?" तो गप्प. आईचा प्रश्न तेव्हा आम्हाला हसण्यावारी वाटला पण या केसच्या दृष्टीने तो अगदी नेमका आहे, कारण स्पँगलरचं सगळं डोकं त्या ब्रशमध्ये होतं आणि त्या ब्रशला काम मिळतं गालिच्यावर. गुळगुळीत फरशीवर कचरा रुततच नाही, तिथे केरसुणी आणि ओलं फडकं पुरतं. म्हणजे हे पेटंट चाललं त्यात त्या देशातल्या थंडीचा, गालिच्यांचा आणि नोकर न परवडणाऱ्या मध्यमवर्गाचा पण वाटा आहे. हेच पेटंट त्याच वर्षी कुणी पुण्या-मुंबईत घेतलं असतं तर स्पँगलरच्या पहिल्या तीन पेटंटच्या शेजारी जाऊन बसलं असतं.

हूव्हरचं नंतरचं पटापट सांगतो. १९१० मध्ये कंपनीच्या नावात हूव्हर आलं, कॅनडात कारखाना निघाला, १९१८ मध्ये जर्मनीशी युद्ध चालू म्हणून न्यू बर्लिन गावाने स्वतःचंच नाव बदलून नॉर्थ कँटन केलं, आणि १९२२ मध्ये नुसतं हूव्हर कंपनी. इंग्लंडमध्ये तर हूव्हर हे क्रियापद झालं, आजही लोक बिसेलचं किंवा डायसनचं मशीन घेऊन घर "हूव्हर" करतात. बिचाऱ्या बूथचं नाव त्याच्याच देशात कुणाला आठवत नाही, आणि त्याच्याकडे तर पेटंटही होतं, कंपनीही होती, राजाचा गालिचाही होता. पण त्याचं मशीन यायचं, घर साफ करायचं आणि निघून जायचं. तो सर्व्हिस विकत होता, हूव्हर वस्तू विकत होता.

स्पँगलर जानेवारी १९१५ मध्ये गेला. आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी घेऊन फ्लोरिडाला जायचं ठरलं होतं, निघायच्या आदल्या दिवशी गेला असं सांगतात. रॉयल्टी घरच्यांना मिळत राहिली. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असायची (आपल्याकडे १९११ चा कायदा आला तेव्हा ती १४ होती), म्हणजे जून १९०८ पासून जून १९२५. आणि हा काळ नेमका कुठला पडला ते बघण्यासारखं आहे, सुरुवातीला ८ टक्के घरांत वीज, १९२० पर्यंत ३५ टक्के, आणि १९३० येईपर्यंत दोन तृतीयांश घरांत. म्हणजे बाजार खऱ्या अर्थाने उघडायला लागला आणि मुदत संपली. पाच दहा वर्षं उशिरा अर्ज केला असता तर रॉयल्टी कितीतरी पट झाली असती, पण मग तो अर्ज दुसऱ्याच कुणीतरी केला असता.

१९२५ मध्ये पेटंट संपलं, स्पँगलरच्या घरचे चेक थांबले. १९२६ मध्ये हूव्हरने नवीन मॉडेल काढलं, त्यात ब्रशच्या रुळावर गालिच्याला आतून ठोकणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवल्या होत्या, म्हणजे धूळ आणखी सैल व्हावी म्हणून. त्याची पेटंट कंपनीच्या नावावर होती.